बीपीची गोळी आणि येळवशीचं ऊन

गुरुवार, ३ ऑक्टोबर

तोंडाची नुसती आग आग! सकाळी घट बसवायच्या आधी कुंकू लावायला आरशासमोर उभी राहिले आणि दचकलेच. नाक, गाल, कपाळ — सगळं लाल. गळाही लाल, पण ब्लाउजच्या गळ्यापर्यंतच, माप टाकून कापल्यासारखा. हातांची तीच तऱ्हा. बांगड्या वर सारल्या तर खाली कातडी स्वच्छ!

चार दिवस सोयाबीनच्या मळणीवर उन्हात उभी होते, हे खरं. पण लग्न होऊन जळकोटात आल्यापासून दरवर्षी उभी राहते. कधी काही झालं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "गाजरगवत लागलंय. बांधाला कंबरंइतकं माजलंय. वैजनाथला सांगू सांगू थकले म्या." वैजनाथ म्हणजे आमचे हे. बांध त्यांचाच, त्यामुळे लगेच अंगावरचं झटकलं — "गवत न्हाई माय, सोयाबीनची कूस हाय ती, मळणीत उडती ती." शेजारच्या लक्ष्मीबाईंनी उंबऱ्यातूनच बघितलं आणि हात जोडले. "आज घट बसले आन् आजच तोंड लाल? देवीचं काईतरी राह्यलंय बगा तुमचं."

तीन माणसं, तीन निदानं. फी कुणाचीच नाही!

आणि मी म्हणत होते, आता बरे दिवस आले. पोळ्यानंतर शिबिरात बीपी सापडलं, गोळी सुरू झाली, संध्याकाळी डोक्यात घण पडायचे ते थांबले. गणपतीत नायगावचे पाहुणे लेकीला, पुनमला बघून गेले. पोराची पसंती, पोरीची पसंती. सगळं कसं गोड चाललं होतं. मध्येच हे तोंड.

शनिवार, ५ ऑक्टोबर

कडुलिंबाचा पाला वाटून थापला. तोंड लालच आहे, आता वरून हिरवं.

रविवार, १३ ऑक्टोबर

काल दसरा. सोनं द्यायला आलेलं प्रत्येक माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघायचं, मग हाताकडे, मग आपट्याचं पान लांबूनच सोडायचं. एकीनं तर पाया पडता पडता पाय निरखून घेतले, पायाला काही आहे का म्हणून! नाही बाई, पायाला काही नाही. पातळाखालचं सगळं शाबूत आहे.

पुनम आली आहे लातूरहून. तिथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते, तोंडावर बोट ठेवायला सांगायची नोकरी, आणि घरी आली की आम्हालाही तेच. "आई, पाला-बिला बास आता. डॉक्टरला दाखव." म्हटलं, दाखवीन गं, पण नायगावला कळलं तर? "कळू दे की." पोरीला काळजी कशी ती नाही! दिवसभर फोनवर नायगावच्या त्या मल्लिकार्जुनशी बोलणं. नांदेडला बँकेत आहे तो. काय एवढं बोलतात कोण जाणे. माझं आणि ह्यांचं लग्नाआधी एकच वाक्य झालेलं — "चहात साखर कमी हाय." ते पण ह्यांनीच म्हटलेलं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

उदगीरला चामडीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. हे होतेच बरोबर. रांग ही मोठी, पण डॉक्टर बरे वाटले. सगळं बघितलं, विचारलं, "कुठलं औषधपाणी चालू आहे का?"

म्हटलं, काही नाही साहेब, धडधाकट आहे मी. हे तर छाती पुढं काढून — "न्हाई ओ साहेब, घरात दवाईची बाटली न्हाई!"

मग गाजरगवताचंच दिसतंय म्हणाले. मलम दिलं. पुन्हा दाखवायला या म्हणाले. सासूबाईंची मान संध्याकाळपासून ताठ आहे. ह्यांना दोनदा विळा दाखवून झाला.

जेवले. बीपीची गोळी घेतली. आता पडते.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

मलमानं जरा उतार आहे, पण पुरता जात नाही. आज उतरतं, उद्या पुन्हा भडकतं. लक्ष्मीबाई म्हणतात, "कवळं ऊन घ्या. उनानं समदे रोग जातेत." म्हणून रोज सकाळी तोंडाला साय-हळद लावून अंगणात खुर्ची टाकून बसते. कवळं ऊन संपून कडक सुरू झालं तरी बसते. खरं सांगायचं तर बरं वाटतं! एवढ्या वर्षांत मला कुणी उगी बसू दिलेलं नव्हतं. सासूबाई जाता-येता म्हणतात, "पापड वाळू घातल्यावानी दिसायलीस."

तोंड आज जास्तच तडतडतंय. रोग बाहेर पडत असेल.

शनिवार, २ नोव्हेंबर

पाडवा. लाली गेली, सालपटं निघाली, आणि खालून निघाला हा नकाशा! कपाळावर काळा पट्टा. गालांवर काळ्यात पांढरे ठिपके. हातांवर काळं-पांढरं दोन्ही, शेळीच्या पिलासारखं.

ह्यांना ओवाळलं. ताटात साडी ठेवली आणि म्हणाले, "मला तर तू आदीसारकीच दिसतीस." म्हटलं, मग मोतीबिंदू काढून घ्या आधी. हसले. मीही हसले. पण नंतर चुलीपुढे थोडं रडून घेतलं. वेणी आता आरशाकडे पाठ करून घालते.

दिवाळीच्या गडबडीत उदगीरला दाखवायचं राहूनच गेलं.

रविवार, १० नोव्हेंबर

रामलिंगकाका येऊन गेले. नायगावचं स्थळ त्यांनीच आणलेलं. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं, मग बशी खाली ठेवून — "वैनी, नायगावला कुणकुण लागलीय. पोरीच्या मायला कोड फुटलंय मनून."

कोड!

हे ओरडलेच, "कोड न्हाई ते!" काका म्हणाले, "मंग काय हाय?" हे माझ्याकडे बघायला लागले. मला तरी काय ठाऊक? गाजरगवतानं माणूस पांढरं पडतं का? आणि खरंच कोड असलं तर?

माझं काय, निम्मं आयुष्य गोरी म्हणून मिरवले, उरलेलं ठिपक्यांची म्हणून काढीन. पण पुनम! इतकी स्थळं झाली, कुणाला नाक मुरडलं, कुणाला मान हलवली. हे एकच, ज्याला तिनं आपल्या तोंडानं हो म्हटलं. ते माझ्या तोंडापायी मोडलं तर? येळवशीनंतर, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या झाली की, सुपारी फोडायची ठरली होती. काका म्हणाले, "त्यांनी न्हाई मनलं न्हाई आजून. बगू." बगू म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

आणि नायगावला सांगितलं कुणी? लक्ष्मीबाईंचं माहेर नायगाव. भाऊबिजेला जाऊन आल्यात. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

सोमवार, ११ नोव्हेंबर

लक्ष्मीबाई वाटीभर साखर मागायला आल्या. म्हटलं, संपली. डबा त्यांच्यासमोरच उघडा होता.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पुनमचा फोन. सगळं सांगितलं तिला, कोडाचं, नायगावचं. म्हणाली, "आई, आन् कोड असलं तरी काय झालं? खातंय का ते माणसाला?"

रागच आला मला. तुला काय जातंय बोलायला, म्हटलं. लोक काय म्हणतात ते लोक ठरवतात, तू नाही. अगं, मी तरी दिली असती का पोरगी कोडाच्या घरात? नसती दिली! मग त्यांनी कामून करावी?

मग म्हणाली, "बरं, ठेवते. लातूरच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लावलाय तुझा. यायचं." लेक कसली, सासूच आहे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज सगळं नीट लिहून ठेवते, एवढी मजा पुन्हा होणार नाही.

डॉक्टर धम्मप्रिया. वय फार तर पुनमहून थोडं जास्त. खिडकीशी उभं केलं. हनुवटी वर करा म्हणाल्या, हनुवटीखाली बघितलं. कानामागं बघितलं. मंगळसूत्र उचलून बघितलं, बांगड्या सारून बघितल्या. मग हसल्या. "काकू, जिथं ऊन पोचतं तिथंच आहे हे. कोड काही ब्लाउजचं माप बघून येत नाही."

मी तिथंच अर्धी बरी झाले.

"औषध कुठलं चालू आहे?"

काही नाही, म्हटलं.

"रोज घेता अशी एखादी गोळी?"

"गोळी? बीपीची घेते की. ते काय औषध झालं?"

बाईंनी पेन खाली ठेवला. "मग ते काय आहे काकू? बडीशेप?"

पुनम भिंतीला धरून हसली! आता मी काय चुकीचं बोलले? औषध म्हणजे आजारी माणसाचं. ताप आला, घेतलं, संपलं. बीपीची गोळी जळकोटात घरोघरी आहे, चहासारखी. कुणी विचारलं "काय खाल्लं" तर आपण पाणी प्यालो हे सांगतो का? पण हे सगळं बाईंना बोलले नाही. पर्समधून पाकीट काढून दिलं.

मग त्यांनी समजावलं. ह्या एका गोळीत दोन औषधं आहेत. त्यातलं एक अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढतं, बीपी उतरवतं. चांगलं औषध आहे, पुष्कळांना काहीच होत नाही. पण एखाद्याच्या कातडीला त्यानं ऊन सोसेनासं होतं. साधं ऊनच भाजल्यासारखं लागतं. लाल होतं, सालं निघतात, मग कुठं काळं पडतं, कुठं रंग उडतो.

"आणि तुम्ही उपाय काय केलात?"

म्हटलं, उन्हात बसत होते.

आता बाईही हसल्या, मीही हसले. दाराशी उभी असलेली नर्सही हसली. हसून झाल्यावर मात्र बाईंचा आवाज बदलला. "आणि घरी जाऊन रागानं गोळी बंद करायची नाही. कातडी भरून येईल. लकवा मारलेला हात भरून येत नाही." माझ्या बीपीच्या डॉक्टरांना त्यांनी समोरच फोन लावला. गोळी बदलायची. रंग यायला काही महिने लागतील. तोवर मलम, लांब बाह्या, छत्री.

उठताना पुनमनं भलतंच विचारलं, "मॅडम, आणि कोडच असतं तर?" बाई म्हणाल्या, "असतं तर असतं. लागत नाही, दुखत नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यांनाच जास्त त्रास होतो त्याचा." मी पुनमला ओढलंच. नाही म्हणतायत ना बाई? मग कशाला उकरायचं!

परतीच्या एसटीत शेजारणीला सगळं सांगितलं, राहवेना. तिनं लगेच पिशवीतून आपली गोळी काढली. "बगा ओ, माजी तीच हाय का?" मागच्या सीटवरच्या दोघींनी काढली. पुढच्या काकांनी टोपीच्या घडीतून काढली! अर्धी एसटी बीपीची निघाली. मी काही डॉक्टर नाही बाबांनो, म्हटलं, पण मनानं बंद करू नका, आणि डॉक्टरनं विचारलं तर गोळी खातो म्हणून सांगा.

शनिवार, ३० नोव्हेंबर

नवी गोळी सुरू. सासूबाईंना सांगितलं, गाजरगवत नव्हे. अजिबात पटलेलं नाही. "गोळी प्वाटात जाती, तोंडाला कशी लागंल?"

रविवार, ८ डिसेंबर

हरभऱ्याच्या रानात छत्री घेऊन उभी होते. लांब बाह्यांचा ह्यांचा जुना सदरा अंगात. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण गाडी हळू करतो. "अयोध्याबाई, तुमच्याच रानात पाऊस पडायलाय काय?" म्हटलं, हाव, आमच्यापुरताच मागवलाय!

खाज नाही. आग नाही. बीपी तपासलं, बरोबर आलं. ठिपके मात्र आहेत तिथंच आहेत. दृष्ट लागायला नको म्हणून जास्त लिहीत नाही.

रविवार, २२ डिसेंबर

ह्यांनी नायगावला येळवशीचं आवतण धाडलं. वर्षातून एकदा सगळा गाव रानात जेवतो, त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हात धरून रानातल्या कडब्याच्या कोपीत बसवायची रीत. मग व्याह्यांना कसं वगळायचं? मला वाटलं, काहीतरी कारण काढतील. तर विहीणबाई शिवकांताबाई फोनवर म्हणाल्या, "येतो की! कामून न्हाई!" एकदम आनंदानं. कोडाचं ऐकूनही? की माझं तोंड जवळून बघायला येतायत?

सोडणार नाही मीही. उदगीरची पार्लरवाली ठरवली आहे. एक दिवस तरी माझं जुनं तोंड दिसू दे. सुपारी फुटली की मग काय बघायचं ते बघा.

सोमवार, ३० डिसेंबर

येळवस झाली. काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

पार्लरवालीनं पहाटेच येऊन तोंडावर थरावर थर दिले. सासूबाई अंघोळ करून आल्या, मला बघितलं आणि ह्यांना विचारलं, "ही कोन आलीया पाव्हणी?" हे खो-खो हसले. पुनम हसली नाही. म्हणाली, "कशाला आई हे?" तिला म्हटलं, तुझ्यासाठीच.

रानात गेलो. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव, आंबिलीनं भरलेलं बिंदगं, भाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, शेंगाची पोळी. मी छत्रीत. ते ठीक चाललं होतं, पण भज्जी पुन्हा गरम करायला चुलीपुढे बसले आणि घात झाला! घाम सुटला, थर पाघळले. पदरानं टिपलं तर पदरावर निम्मं तोंड आलं. त्याच वेळी शिवकांताबाई आणि त्यांचे मालक वीरण्णा बांधावरून येताना दिसले.

एक क्षण वाटलं, कोपीच्या मागून पळावं. मग वाटलं, किती दिवस? लग्नात, बारशात, दरवेळी पार्लरवाली आणणार आहे का मी? सरळ हौदावर गेले. साबणानं खसाखसा तोंड धुतलं. तसंच ओलं तोंड घेऊन पाहुण्यांपुढे उभी राहिले. म्हटलं, "विहीणबाई, बगून घ्या. हाय ते असं हाय."

वीरण्णांनी नजर खाली घातली. शिवकांताबाई मात्र जवळ आल्या. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. डोळे भरलेले! "लपवायचं कामून माय? माणसालाच हुतंय की. झाडाला हुतंय व्हय?"

इतकी मोठ्या मनाची विहीण! मला भरून आलं. आणि त्या भरात मी म्हटलं, अहो, पण तुम्ही ऐकलं तसं नाही, कोड न्हाईच हे! लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय — बीपीची गोळी आणि ऊन! जाणार हे सगळं!

त्यांचे हात खाली आले.

"न्हाई? कोड न्हाई?"

न्हाई!

"पक्कं?"

पक्कं!

आणि बाईचं तोंड उतरलं! खोटं नाही लिहीत. पुनम वाढता वाढता थांबली. शिवकांताबाई पानावर बसल्या, दोन घास खाल्ले. रामलिंगकाकांनी सुपारीचं काढलं तर म्हणाल्या, "बगू. घरी बोलून सांगतो." पिकावर आंबील शिंपायला थांबल्यासुद्धा नाहीत.

कोड आहे समजून गळ्यात पडली, नाही म्हटल्यावर उठून गेली. असली विहीण जगात दुसरी असेल का?

मंगळवार, ३१ डिसेंबर

नायगावहून फोन नाही. ह्यांनी उरलेली आंबील पिऊन दिवस काढला.

शुक्रवार, ३ जानेवारी

दुपारी दारात शिवकांताबाई. एकट्या. एसट्या बदलत आल्या होत्या. पाणी दिलं, ते हातातच धरून बसल्या. मग बोलल्या ते जसं आठवतं तसं लिहिते.

"राग मानू नगा. तुमचं ऐकलं तवा म्या देवाम्होरं साकर ठिवली. मनलं, सारक्याला सारकं भेटलं. आता कुनी कुनाला काय मनायचं न्हाई, काय इचारायचं न्हाई. आन् तुमचं निघालं गोळीचं! आता आमचं मला सांगावं लागायलंय."

मल्लिकार्जुनला कोड आहे. पायांवर आणि पाठीवर. कॉलेजात असल्यापासून.

"शर्टा-बुटात दिसत न्हाई. तसंच लगीन उरकावं असं लई मनात हुतं. पन तुमी समद्या रानात तोंड धुऊन म्होरं आलात. त्यानंतर मला काय निजच न्हाई. माझ्यानं लपवून हुईना, माय."

मी चहा टाकला. तो उतू गेला. "पुनमला विचारून सांगते," एवढंच म्हणाले. त्या गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लाजल्यासारख्या.

पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहिते — नको. हे स्थळच नको. एक माणूस सगळा जीव गोळा करून खरं सांगायला आलं, आणि मी मनातल्या मनात एक पाऊल मागं सरले. दसऱ्याला आपट्याचं पान लांबून टाकणाऱ्या बायकांचा मला किती राग आला होता! त्या निदान पान तरी देऊन गेल्या.

हे म्हणाले, "पोरगं लई चांगलं हाय." एवढं म्हणून रानात निघून गेले. सासूबाईंना कळू नये असं वाटत होतं, पण त्यांना सगळं ऐकू जातं. विड्याचं पान जुळवत म्हणाल्या, "कोडानं मेलेलं माणूस म्या आजपतूर पाह्यलं न्हाई. बीपीनं मेलेले लई पाह्यले. तुझी गोळी घेतलीस का?"

शनिवार, ४ जानेवारी

माझ्यापुरतं ठरलं. मला चालतंय. चालतंय काय, त्या पोराला उलट दारातूनच हात धरून आत आणीन.

पण नांदायचं पुनमला आहे. तिनं मान हलवली तर मी काय म्हणणार? आणि तिला सांगू कसं? तिला केवढा धक्का बसेल! लातूरच्या बाईंना फोन करून पुन्हा सगळं विचारून घेतलं. लागत नाही. उपचारही आहेत. मुलांना होईलच असंही नाही. वाक्यं जुळवून ठेवली आहेत. तिनं पसंती मोडावी असं माझ्या बोलण्यातून वाटू द्यायचं नाही, पण सत्य ते सांगायचं. उद्या येतेय ती.

रविवार, ५ जानेवारी

पुनमला समोर बसवलं, पाणी दिलं, हात हातात घेतले आणि सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, नायगावला तुझ्या डागांचं मीच कळवलं होतं. गोळीचं मुद्दाम नाही कळवलं. त्याला धीर यावा म्हणून."

त्याला कसला धीर? तुला आधीपासून —

"बघायला आले त्याच दिवशी, दोघंच बोलत होतो तेव्हा, त्यानं मोजे काढून पाय दाखवले. मंगच मी हाव म्हणलं. तुम्हाला सांगायचा धीर तेवढा त्याला होईना."

सुपारी पुढच्या रविवारी. पहिलं आवतण लक्ष्मीबाईंना द्यायचं आहे, वाटीभर साखरेसकट — आणि पाय काही उचलत नाही.